सकाळी अकरा वाजता मूल कुठे असतं? पुण्यात सगळ्यांना सामावून घेणारं पाळणाघर शोधताना

आम्ही परभणीहून पुण्यात आलो तेव्हा आमची जुळी अडीच वर्षांची होती. मुलगा घरभर पळायचा. मुलगी भिंतीला टेकवून बसवली तर दहा मिनिटं बसायची. दोघं सातव्या महिन्यातच झालेली; मुलगा सुखरूप निघाला, मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा नसणं. घर वारज्यात, माझी नोकरी खराडीत, नवऱ्याची हिंजवडीत, म्हणजे शहराच्या तीन टोकांना. हे ऐकून पुण्यातला माणूस आधी हसतो आणि मग हळहळतो.

पहिल्या पाळणाघराने दोघांना लगेच घेतलं. आम्हाला इतकं हायसं वाटलं की फारसं काही विचारलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात रात्री जेवताना मुलगा बहिणीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती आत असते." आत म्हणजे कुठे? स्वयंपाकघरात. पोळ्या लाटता लाटता मावशींना तिच्यावर लक्ष ठेवणं सोपं जायचं, म्हणून तिची खुर्ची दिवसभर तिथे. तिला कुणी रागावलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. बाकीची पंधरा मुलं बाहेरच्या खोलीत गाणी म्हणत होती आणि ती आत कुकरच्या शिट्ट्या ऐकत होती, एवढंच.

तेव्हापासून कुठलंही पाळणाघर बघायला गेले, स्वतःसाठी किंवा कुणा मैत्रिणीसाठी, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सकाळी अकरा वाजता हे मूल कुठे असेल आणि कुणाबरोबर? पुढचं सगळं या प्रश्नाभोवतीचं आहे. तुमच्या मुलाला अपंगत्व असो वा नसो, उपयोगी पडावं.

पायरी १: आधी घरी बसून एक पान लिहा

फोन लावायच्या आधी मुलाबद्दल एक पान लिहून काढा. एकच. फाइल नको, जाड फाइल बघून पाळणाघरवाल्या काकू घाबरतात आणि "आमच्याकडे जमणार नाही हो" म्हणून मोकळ्या होतात.

निदानाचं नाव अगदी शेवटी लिहा. वर लिहायचं ते रोजचं. माझ्या मुलीच्या पानावर साधारण असं होतं: पाणी हवं असलं की "म्मा" म्हणते. भूक लागली तर ओठ चावते. जेवताना पाठ सरळ हवी, हनुवटी किंचित खाली. मऊ भात, वरण, दुधात कुस्करलेली पोळी चालते. चुरमुरे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं नाहीत. पायातले स्प्लिंट (पाय सरळ धरणारे साचे) दोन तासांनी काढायचे आणि कातडी लाल झाली आहे का बघायचं. मोठा आवाज झाला की दचकते, पण लगेच हसते. भावाजवळ बसायला आवडतं.

ऑटिझम असलेल्या मुलाच्या पानावर कुठला आवाज सहन होत नाही, अंगाला हात लावलेला चालतो का, अस्वस्थ झाल्यावर कशाने शांत होतो आणि दार उघडं दिसलं की पळतो का, हे यायला हवं. शेवटची गोष्ट लपवू नका, ती सगळ्यांत महत्त्वाची. कानाचं मशीन असेल तर ते झोपताना काढायचं की नाही, बॅटरी कोण बदलणार, हे लिहा. आणि अपंगत्व नसलेल्या मुलासाठीही पान लिहाच. माझ्या मुलाच्या पानावर "शी लागली की पडद्यामागे जाऊन उभा राहतो" असं होतं. त्या एका ओळीने किती चड्ड्या वाचल्या ते मावशीच सांगतील.

या मावशी बहुतेक आमच्या मराठवाड्यातल्या नाहीतर सोलापूरकडच्या असतात. सगळ्यांना वाचायची सवय असतेच असं नाही. म्हणून पान द्या, पण शेजारी बसून तोंडीही सांगा, आणि कसं बसवायचं याचे दोन फोटो मोबाइलवर पाठवा.

निदान झालेलं नसेल, नुसती शंका असेल, तरी थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात अंगणवाडीतल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी असते. मूल खासगी पाळणाघरात जाणार असलं तरी जवळच्या अंगणवाडीत नाव घालून ठेवा. पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. पुण्यात त्यासाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि मूल उशिरा बोलतंय म्हणून घरातली मराठी बंद करून त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागू नका. दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही. पाळणाघरात हिंदी-इंग्रजीची खिचडी असणारच. फक्त पाणी, शू, दुखतंय, नको एवढ्या चार शब्दांपुरतं तरी घरचेच शब्द वापरा, असं तिथे सांगून ठेवा.

पायरी २: जागा नकाशावर नको, पावसात बघा

घराजवळ की ऑफिसजवळ? माझं मत घराजवळ, किंवा दोघांपैकी ज्याला कामावरून लवकर सुटता येतं त्याच्या वाटेवर. ऑफिसजवळचं पाळणाघर ऐकायला छान वाटतं. पण थेरपी, डॉक्टर, आजी, शेजारी असे मदतीला येणारे सगळे घराजवळ असतात. नोकरी बदलली तर ऑफिसही बदलतं, आणि ज्या मुलाला माणसं ओळखीची व्हायला दोन महिने लागतात त्याला पुन्हा नवी माणसं नकोत.

जुलैतल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी सव्वासहाला तो रस्ता स्वतः गाडीवरून करून बघा. भूमकर चौक, विद्यापीठ चौक, चांदणी चौक ही नावं नव्या माणसाला नुसती नावं वाटतात. पाळणाघर साडेसहाला बंद होत असेल आणि तुम्ही पावणेसात वाजता चौकातच असाल, तर बाकी कितीही चांगलं असलं तरी ते तुमचं नव्हे. उशिरा पोचलात तर मूल कुणाजवळ थांबतं, हे आत्ताच विचारून घ्या.

ऑफिसातही एकदा विचारा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, ही तरतूद २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आली. हिंजवडी-खराडीतल्या बऱ्याच कंपन्या स्वतःचं पाळणाघर न काढता बाहेरच्या एखाद्याशी करार करतात. तुम्ही एचआरला ईमेलवर एवढंच विचारा: करारातलं पाळणाघर माझ्या मुलाला घेणार का, आणि घेणार नसेल तर तुमची पर्यायी सोय काय? लेखी विचारल्याने उत्तराचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

पायरी ३: नावं कुठून काढायची

इंटरनेटवरच्या ताऱ्यांवरून काही कळत नाही. नावं मिळतात ती थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं मॉरिस बालविकास केंद्र, औंधचं जिल्हा रुग्णालय, गोखलेनगरची बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची कामायनी संस्था, राजभवनाजवळची बालकल्याण संस्था. यांतलं एकही पाळणाघर म्हणून सांगत नाहीये. पण तिथे येणाऱ्या आया-आज्यांना शहरातली खडान्‌खडा माहिती असते. कुणी घेतलं, कुणी तीन महिन्यांनी नको म्हटलं, कुठल्या काकू जीव लावतात, सगळं. थर्मासमधला चहा पुढे केलात की यादी तयार.

पुण्यात साधारण तीन तऱ्हा दिसतात. एक, काकूंचं घरगुती पाळणाघर: बंगल्याचा किंवा सोसायटीतल्या फ्लॅटचा तळमजला, दहा-पंधरा मुलं, घरचा स्वयंपाक. प्रशिक्षण नसतं, माया असते, आणि शिकायची तयारी असेल तर माझी पहिली पसंती हीच. मात्र काकू आजारी पडल्या की पाळणाघरच बंद. दोन, साखळीतली डे-केअर: कॅमेरे, ॲप, छापील वेळापत्रक. वरच्या ऑफिसचं धोरण समावेशक असतं, शाखेतल्या ताईचं असेलच असं नाही. आणि ताई दर सहा महिन्यांनी बदलते. तीन, थेरपी सेंटरला जोडलेली जागा. तिथे तज्ज्ञ हाताशी असतात, पण बहुतेक वेळा सगळी मुलं अपंगत्व असलेलीच असतात. काही मुलांना काही काळ तेच योग्य असतं. आमच्या जुळ्यांपैकी मात्र एकच तिथे जाऊ शकलं असतं.

पायरी ४: फोन

फोनवर फार सांगू नका, पण लपवूही नका. "दोन मुलं आहेत, अडीच वर्षांची. मुलीला बसायला आणि खायला मदत लागते. येऊन भेटू का?" एवढं पुरे. नुसतं निदान सांगितलंत तर समोरच्या बाईच्या डोळ्यांपुढे तुमचं मूल येत नाही, आजार येतो.

उत्तरं ऐकायला शिका. "हो हो, काही प्रॉब्लेम नाही, पाठवा उद्यापासून" या उत्तराला मी घाबरते. आम्हाला पहिल्या ठिकाणी हेच मिळालं होतं. "अशी मुलं आम्ही घेत नाही" म्हणजे वेळ वाचला, आभार माना आणि ठेवा. "बाकीचे पालक तक्रार करतात हो" असं म्हणाल्या तर काकूंची तयारी असू शकते, धीर कमी पडतोय. एकदा जाऊन भेटायला हरकत नाही. आणि "खायला कशी मदत लागते? उचलून घ्यावं लागतं का? वजन किती आहे?" असे उलटे प्रश्न आले, तर वही काढा आणि भेटीची वेळ ठरवा. ज्या काकूंकडे आमची मुलं पुढे साडेतीन वर्षं राहिली, त्यांनी फोनवर पहिलं हेच विचारलं होतं: "तिला काय आवडतं?"

पायरी ५: बघायला जाताना

दोनदा जा. एकदा ठरवून, सकाळी अकराच्या सुमाराला. दुसऱ्यांदा न सांगता, पाच वाजता, सगळे दमलेले असताना. जमलं तर दुसरी भेट गुरुवारी ठेवा. पुण्यात महापालिकेची पाण्याची दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. पाणी नसलेल्या दिवशी वीस मुलांचं शी-शू कसं निभावतं हे बघितलंत की व्यवस्थापनाबद्दल वेगळं काही विचारावं लागत नाही.

सकाळी गेलात की अर्धा तास कोपऱ्यात गप्प बसायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर कारण विचारा. बाकी मुलं बिचकतात हे कारण खरं असू शकतं, तेव्हा दहा मिनिटं मागा. तेही नाही म्हणाले तर घरी या.

आता बघायचं काय? मुलं कुठे आहेत ते. अपंगत्व असलेलं मूल तिथे आधीपासून असेल तर ते गोलात आहे की गोलाबाहेर? गाणं चालू असताना त्याच्या हातात काही आहे का, खुळखुळा, डबा, काहीही? ते जमिनीवर असेल तर बाकीची मुलंही जमिनीवर आहेत का? उंच खुर्चीत एकटं बसवलेलं आणि बाकी सगळे सतरंजीवर, असं दिसलं की मला ते स्वयंपाकघर आठवतं. मावशी त्याच्याशी बोलतात की त्याच्याबद्दल बोलतात? "हा काय, काही कळत नाही याला" असं त्याच्यासमोरच कानावर आलं, तर तुमच्या मुलाबद्दलही उद्या तेच बोललं जाईल. आणि दुसरी मुलं त्याच्याजवळ जातात का हे बघा. मुलं मोठ्यांचं बघून वागतात. मावशी सहज त्याच्या गालाला हात लावत असतील तर मुलंही लावतात.

जेवणाची वेळ चुकवू नका, कारण खरं शिक्षण तिथे दिसतं. मूल नीट बसलेलं आहे की मांडीवर आडवं? मान मागे टाकून तोंडात घास ढकलला जात असेल तर ठसका लागायचा धोका असतो. गिळायला त्रास असलेल्या मुलाचा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. घाई किती आहे? आमच्या मुलीला एक वाटी वरणभात संपवायला चाळीस मिनिटं लागायची. काकूंनी यावर काढलेला तोडगा कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही: तिला बाकीच्यांच्या वीस मिनिटं आधी सुरुवात करून द्यायची आणि बाकीच्यांबरोबर संपवायचं. ती शेवटी एकटी उरायची नाही.

झोपेची वेळ विचारा. दुपारी एक ते तीन पुण्यातली सगळी पाळणाघरं झोपतात. जे मूल झोपत नाही त्याचं काय करतात? बऱ्याच ठिकाणी उत्तर मोबाइल असतं.

शी-शूची जागा स्वतः आत जाऊन बघा. फरशी ओली राहते का? चार वर्षांच्या, डायपर लागणाऱ्या मुलाला कुठे बदलतात? आडोसा आहे का? तान्ह्या बाळासाठीचं टेबल त्याला पुरणार नाही. आणि बदलणारं माणूस कोण, तेही नक्की करून घ्या. एक-दोनच ठरलेल्या बायका असाव्यात, मुलाला त्या माहीत असाव्यात. सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हा प्रश्न विचारताना ओशाळू नका. न बोलणाऱ्या मुलाच्या आईबापांनी तर तो दोनदा विचारावा.

रॅम्पबद्दल थोडंसं. प्रमाण एकास बाराचं आहे, म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट लांब उतार लागतो. पाळणाघराच्या दारात टाकलेली दीड फुटाची फळी हा रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे. पण खरं सांगू? लहान वयात मी रॅम्पवर अडून बसले नाही. बारा किलोच्या मुलीला दोन पायऱ्या उचलून नेता येतं. तिची खुर्ची खोलीच्या दारातून जाते का, जेवायच्या टेबलाखाली बसते का, संडासाच्या दारातून आत जाते का, हे मी टेप घेऊन मोजलं. लिफ्टने वर जावं लागत असेल तर वीज गेल्यावर काय, हेही विचारलं. वरच्या मजल्यावरचं एक सुंदर पाळणाघर त्याच प्रश्नावर सोडलं.

दारांना कड्या कुठे आहेत बघा. पळणाऱ्या मुलासाठी कडी मोठ्यांच्या खांद्याइतकी वर हवी, आणि रस्त्यावर उघडणाऱ्या दाराच्या आत आणखी एक दार हवं. पाण्याच्या टाकीला झाकण आहे का तेही डोकावून बघा.

आवाजाचं तर पुण्यात वेगळंच प्रकरण. गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, नदीकाठी तर रोज संध्याकाळी. आवाज न सोसणाऱ्या मुलाचं पाळणाघर म्हात्रे पुलाच्या आसपास असेल तर जुलैपासून संध्याकाळ अवघड जाते. एखादी शांत खोली आहे का आणि ती शिक्षेची खोली म्हणून वापरत नाहीत ना, दोन्ही विचारा. "दंगा केला की आत बसवतो" असं उत्तर आलं तर ती तीच "आत"ची खोली.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. असला तर वाईट नाही. पण कॅमेऱ्यात मुलगी खुर्चीत शांत बसलेली दिसते. ती किती वेळ तशीच बसली आहे हे मीटिंगमधून दोन मिनिटं डोकावणाऱ्या आईला कळत नाही.

पायरी ६: फिट, औषध, ताप

"फिट आली तर काय कराल?" हे सगळ्यांनी विचारावं. ताप चढून येणारी फिट कुठल्याही लहान मुलाला येऊ शकते. उत्तर "कांदा हुंगवू", "चप्पल लावू" किंवा "तोंडात चमचा घालू" असं आलं तर काकूंना हसू नका, शिकवा. कुशीवर वळवायचं. मानेजवळचं सैल करायचं. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि कधी मारायचा, हे दोघींना तरी माहीत हवं. आम्ही हे मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या फ्रिजवर लावलं. काकू शिकल्या की नाही यापेक्षा त्यांनी ते चिकटवू दिलं याचंच मला जास्त बरं वाटलं.

औषध मूळ बाटलीतच द्या, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, आणि दिल्यावर वेळ वहीत लिहायची. दुसऱ्या कुणाच्या बाटलीतलं तापाचं औषध देणार नाहीत ना, तेही विचारा. देतात.

पायरी ७: पैसे, शॅडो आणि कागद

आता दुखरी बाजू. बऱ्याच ठिकाणी म्हणतात, "घेतो, पण शॅडो टीचर तुमची." म्हणजे मुलासोबत दिवसभर राहणाऱ्या बाईचा पगार तुम्ही द्यायचा, वर पूर्ण फी. काही मुलांना खरंच स्वतंत्र माणूस लागतं. पळणारं मूल असेल तर मी स्वतः तसा आग्रह धरेन. पण दर वेळी ते मुलाच्या गरजेसाठी असतं असं नाही. कधी कधी पाळणाघराला आपली माणसं वाढवायची नसतात. मी विचारते: दिवसातल्या नेमक्या कुठल्या वेळी जादा माणूस लागेल? जेवण आणि शी-शू, म्हणजे दोन तास? मग दोन तासांचे पैसे. आम्ही तेच ठरवलं. शॅडो ठेवलीच तर ती मुलाला चिकटून बसू नये. ती मध्ये आली की बाकीची मुलं लांबच राहतात.

एका मावशीकडे तीन वर्षांखालची पाच-सहापेक्षा जास्त मुलं असतील तर मी मुलाला तिथे ठेवणार नाही, अपंगत्व असो वा नसो. हा माझा आकडा आहे, आईच्या नजरेने ठरवलेला.

अनामत किती, ती परत कधी, आजारपणाच्या महिन्यात फी किती, उशिराचा दंड किती, दिवाळीत किती दिवस बंद, थेरपिस्टला आत येऊ देणार का, मुलाला काढायला सांगायचं असेल तर किती आधी सांगणार: सगळं एका कागदावर, दोघांच्या सह्यांनी. यातलं शेवटचं सगळ्यांत गरजेचं आहे. "उद्यापासून नको" हे वाक्य ऐकलेल्या तीन आया मला माहीत आहेत.

कायदा किती कामाला येतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा; एप्रिल २०१७ पासून लागू; त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्याचं कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगतं. गल्लीतल्या काकूंच्या पाळणाघराला अनुदान नसतं आणि मान्यताही नसते. त्यामुळे कायद्याचा कागद घेऊन त्यांच्या दारात भांडायला जाऊ नका. भांडून मिळालेल्या पाळणाघरात मूल ठेवायचं तरी कसं? मूल मोठं होऊन मान्यताप्राप्त शाळेत जाईल तेव्हा हेच कलम खणखणीत कामाला येईल. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, हेही तेव्हासाठी लक्षात ठेवा.

अंगणवाडीचं मात्र वेगळं. ती सरकारची आहे आणि अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये खास कार्यपद्धती काढली आहे. अर्धा दिवस अंगणवाडी आणि उरलेला वेळ घरगुती पाळणाघर, अशी जोडी जमवणारे पालक मी पाहिले आहेत.

दिव्यांग प्रमाणपत्र पाळणाघराच्या प्रवेशासाठी लागत नाही. कुणी मागितलं तर कशासाठी ते विचारा. इतर कामांसाठी मात्र लवकर काढा: स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि रुग्णालयात तपासणीला जायचं. चाळीस टक्क्यांखाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं आणि ऐंशी किंवा त्यावर निळं कार्ड मिळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत बसतो.

तुमच्या मुलाला अपंगत्व नसेल तर

हे मुद्दाम वेगळं लिहिते, कारण "अशा" मुलांबरोबर ठेवलं तर आपलं मूल मागे पडेल का, असं मला विश्वासात घेऊन विचारणाऱ्या आया बऱ्याच आहेत. बहुधा त्यांना माझी मुलगी माहीत नसते.

माझ्या घरात दोन्ही बाजू आहेत. मुलगा त्या पाळणाघरात राहून मागे पडला नाही. उलट ज्या जागेत एका मुलाच्या घासाकडे नीट बघतात तिथे बाकीच्यांच्या घासाकडेही बघतात. जिथे चित्रं लावून दिवसाचं वेळापत्रक दाखवतात, आधी हात धुवा, मग डबा, मग झोप, तिथे चित्रांची गरज नसलेली मुलंही कमी रडतात. तुम्ही तपासायचं ते वेगळं: माणसं पुरेशी आहेत का? एका मुलामागे मावशी धावतात तेव्हा बाकीच्यांकडे कोण बघतं? चावणं, ढकलणं झालं तर दोन्ही घरांना सांगतात की एकाच घराला? हे प्रश्न काकूंना खुशाल विचारा. "ते मूल काढा" असं मात्र विचारू नका.

मुलगा मित्राला आपल्या बहिणीबद्दल काय सांगायचा ते मी एकदा ऐकलं. "तिचे पाय झोपलेत, तिला चेंडू हातात द्यायचा." मित्राने दिला. दोघांना यापेक्षा जास्त माहितीची गरज नव्हती.

पायरी ८: पहिले पंधरा दिवस आणि पुढे

पहिले तीन दिवस तासभर आणि तुम्ही तिथेच. मग दोन तास, तुम्ही कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर. मग जेवणापर्यंत. झोप सगळ्यांत शेवटी. सुट्टी कमी असेल तर आजीला किंवा मावशीला बोलवा, पण हा टप्पा गाळू नका. जुन्या दुपट्याचा तुकडा सोबत द्या. जाताना गुपचूप सटकू नका. "आई चार वाजता येते" सांगा आणि चारलाच या. मूल बोलत नसलं तरी सांगा.

न्यायला गेल्यावर "त्रास दिला का?" असं विचारायची आपल्याला सवय असते. मी ती मोडली. त्याऐवजी "आज कुणाबरोबर खेळली?" विचारायला लागले. पहिला आठवडा काकूंना उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या स्वतःहून नावं सांगायला लागल्या, कारण आता त्या बघत होत्या.

मूल बोलत नसेल तर अंग बघा: त्याच जागी पुन्हा पुन्हा वळ, घट्ट आवळलेले स्प्लिंट, संध्याकाळी हावरेपणाने पाणी पिणं, ठरावीक माणूस दिसल्यावर आखडणं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतलं रडणं साहजिक आहे. महिन्यानंतर नव्याने सुरू झालेल्या रडण्यामागे काहीतरी कारण असतं. शंका गंभीर असेल तर आधी मूल घरी आणा, मग १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांशी बोला. पाळणाघराशी वाद नंतर.

दर तीन महिन्यांनी ते पान पुन्हा लिहा. खुर्ची लहान होते, शब्द वाढतात, स्प्लिंट बदलतात. पावसाळ्यात मोज्यांचे दोन जादा जोड द्या, ओल्या मोज्यांवर स्प्लिंट घातले की कातडी सोलवटते. रंगपंचमीच्या दिवशी कानाचं मशीन डबीत ठेवायला सांगा. आणि पाळणाघर कधी सोडावं लागलं तर घाईत मुलाची बसायची खुर्ची तिथेच विसरू नका. आमची पहिल्या पाळणाघरातून आणायला नवरा गेला तेव्हा तिच्यावर कांद्याची टोपली ठेवलेली होती.